न उचललेला भंडारा

फायनलच्या आदल्या संध्याकाळी चिंचबन तालमीत जोतीरामपुढं पितळी ताट ठेवलं गेलं. ताटात भंडारा, वर बेलाचं पान. मारुतीला नुकतंच तेल घातलं होतं, त्याचा वास खोलीत भरून राहिला होता. सराव संपवून आलेली पोरं भिंतीला टेकून उभी होती. कुणी बोलत नव्हतं, म्हणजे सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

तालमीचे सेक्रेटरी आकारामभाऊ मांडी घालून बसले होते. म्हणाले, "जोत्या, हात धुऊन ये आणि भंडारा उचल."

"कशाचा?"

"कशाचा म्हंजे? उद्या घोडतळ्याबरोबर मॅच हाय. तू घोडतळ्याचा. मॅच मुद्दाम सोडणार न्हाई म्हणून उचल. लोकं बोलाय लागल्यात."

"मलाच का?"

"हितं दुसरं कोण हाय घोडतळ्याचं?"

कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा आहे. पूर्वी या तालमींत कुस्ती चालायची. आता बहुतेक ठिकाणी लाल मातीवर फरशी पडली, पण गल्लीचं रक्त तिथंच तापतं. पोरगं ज्या पेठेत जन्मलं त्या तालमीचं. ते दुसऱ्या तालमीकडनं खेळायला लागलं की आयुष्यभर त्याच्याकडं तिरक्या डोळ्यानं बघायचं. आणि संशय आला की भंडारा. देवापुढं हात हळदीनं पिवळे करून शपथ घ्यायची. खोटी घेतली तर घर बसतं, असं मानतात. निवडणुकीत उचलतात, शेताच्या वाटणीत उचलतात. मॅचसाठी गोलकीपरला उचलायला लावायचं हे मात्र चिंचबनाच्याच डोक्यातनं निघालं.

जोतीराम त्या ताटाकडं बघत उभा राहिला. वय अडतीस. कमरेच्या दोन्ही बाजूंना जुन्या खरचटण्याचे काळे पट्टे, उजव्या हाताची करंगळी कायमची वाकडी. एकोणिसाव्या वर्षापासून या माणसानं गोलात उभं राहण्याशिवाय दुसरा धंदा धड केला नव्हता.

तो घोडतळ्यात जन्मला. वडील बिद्रीच्या साखर कारखान्यात हंगामी कामगार. पोरगा उंच निघाला म्हणून गल्लीतल्या पोरांनी त्याला गोलात ढकललं. बाकीच्यांना गोल मारायचे असतात. अडवायला कुणी राजी नसतं. तेव्हा त्यांच्या मैदानावर मुरूम होता. एकदा अंग टाकलं की साल निघायची. आई तानाबाई तेल-हळद लावताना म्हणायची, "दुसरं काय तरी खेळ की रं." तो म्हणायचा, "दुसरं येत न्हाई." हे काही खरं नव्हतं. त्याला तेच करायचं होतं.

घोडतळ्याच्या पहिल्या संघात तो आला, त्याच वर्षी तालमीनं गोव्याहून गोलकीपर आणला. जोतीराम बाकावर. सरावाला सगळ्यांच्या आधी यायचा, जाळी बांधायचा, सगळ्यांच्या नंतर जाळी सोडून घरी जायचा. तीन हंगाम हेच. मग गोव्याच्या माणसाचं बोट मोडलं. जोतीरामनं हातमोजे ओढून घेतले, तर तालमीनं केरळातनं दुसरा आणला. त्या आठवड्यात तो पुण्याला गेला आणि एका कंपनीच्या संघात लागला.

घोडतळ्यानं त्याला फितूर ठरवलं. बाकावर बसवणारे फितूर नव्हते. बाकावरनं उठणारा फितूर.

पुढची वर्षं अशीच गेली. पुणं, मग गोव्यात दुसऱ्या फळीचा क्लब, मग बेंगळुरू. तिथला क्लब अर्ध्या हंगामातच मोडला आणि खेळाडूंना वर्तमानपत्रातनं कळलं. मग मलबारात सात-सात जणांच्या मॅचा, बांबूच्या गॅलऱ्या, अंगावर येणारी गर्दी. बहुतेक ठिकाणी तो दुसऱ्या नंबरचा गोलकीपर. दुसऱ्या नंबरच्या माणसाचं काम काय असतं, हे कुणी विचारत नाही. आठवडाभर फॉरवर्डांचा मारा त्यानं छातीवर घ्यायचा. पहिल्याइतकं पळायचं, पहिल्याइतकं जपून खायचं, पहिल्याइतकं लवकर झोपायचं. आणि मॅचच्या दिवशी जॅकेट घालून बसायचं. वर्षाकाठी पाच-सहा वेळा उभं राहायला मिळालं तर ते साल चांगलं. या कामात एक दिवसही अंगचोरी केली असं कुठल्या क्लबानं त्याच्याबद्दल म्हटलं नाही. कौतुकही फार कुणी केलं नाही.

त्याची उभं राहण्याची रीत कोल्हापूरच्या गॅलरीला पटत नसे. इथल्या माणसाला उडी लागते. गोलकीपर हवेत आडवा झाला, धुरळा उडाला, की शिट्ट्या पडतात. जोतीराम आधीच दोन पावलं सरकायचा, पुढच्या पोरांना ओरडून जागेवर आणायचा, आणि मारलेला बॉल त्याच्या पोटात यायचा. बघणाऱ्याला वाटायचं, बॉल आपणहून आला. "ह्येला काय अंग हलवायला नको," असं एकदा गॅलरीतला माणूस त्याला ऐकू जाईल असं म्हणाला. घामाचा माणूस ओळखायला नुसते डोळे पुरत नाहीत, थोडी लाजही लागते.

शेवटी तो घरी आला. घोडतळ्यातल्या आईच्याच घरात बायको रोहिणीसह राहू लागला, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत दिवसपाळीला ग्राइंडिंगवर लागला. घोडतळ्यानं विचारलं नाही. चिंचबनानं विचारलं, मानधन ठरवलं, तो खेळू लागला. पहाटे मैदान, मग बस, मग फौंड्री. तिसऱ्या वर्षी चिंचबन फायनलला आलं. ही एक मॅच झाली की हातमोजे कायमचे टांगायचे, असं त्यानं रोहिणीला सांगितलं होतं. एवढंच पाहिजे होतं. शेवटची मॅच नीट खेळून, मान वर ठेवून बाहेर यायचं.

आणि आता हे ताट.

खोलीच्या कोपऱ्यात तालमीनं आणलेले दोन नायजेरियन खेळाडू केळी खात बसले होते. जोतीरामनं तिकडं बोट दाखवलं. "त्यास्नी लावला का हात?"

"त्यास्नी काय कळतंय भंडारा?" आकारामभाऊ म्हणाले.

"सम्राटनं उचलला?"

सम्राट म्हणजे भाऊंचा पुतण्या, डिफेन्सला खेळणारा. तो हसून म्हणाला, "उचल की जोतीदा. हळद लागली तर जरा उजळशील तरी."

दोन-चार पोरं हसली. भाऊ म्हणाले, "सम्राट घरचा हाय."

"मग मी कोण?"

"तू पैशावर खेळतोस."

हे भाऊंनी अगदी साध्या सुरात सांगितलं, वाईट बोलतोय असं त्यांना वाटलंही नसेल. जोतीरामच्या कानशिलापर्यंत मात्र आग गेली. फौंड्रीतही तो पैशावरच काम करतो. तिथं सकाळी ग्राइंडर हातात देताना कुणी त्याला शपथ घालत नाही की कास्टिंग मुद्दाम बिघडवणार नाहीस म्हणून. पाळी संपली की सुपरवायझर माल बघतो. माल बरा असेल तर बरा, नसेल तर परत घासायचा. कष्टाचे पैसे घेणारा माणूस आणि विकला जाणारा माणूस यांतला फरक ज्यांना कळत नाही, ते स्वतः कधी राबले नसतात. भाऊंचं दुकान होतं, आणि ते नोकर चालवत.

"उचलतो," जोतीराम म्हणाला. "पण सगळ्यांनी उचलायचा. ह्या मॅचवर कुठंबी एक रुपाया लावलेला न्हाई, म्हणून. भाऊ, पयला हात तुमचा."

कुणी हललं नाही. कमिटीतलं कोण कुठल्या मॅचवर पैज लावतं, हे तालमीत सगळ्यांना माहीत होतं. खजिनदार चहा सांगायला म्हणून उठले आणि चहावाल्याला फोन करायचा सोडून स्वतः चालत गेले.

"माझ्यावर शंका घेतोस?" भाऊंचा आवाज चढला.

"तुमी घेतलीसा की माझ्यावर."

"बाहेरचा तो बाहेरचाच."

"मग बाहेरचा म्हणून आणताना बघायचं हुतं."

त्यानं बॅग उचलली. ताट तसंच राहिलं. जोतीरामला बाकावर बसवता आलं असतं तर भाऊंनी बसवलाच असता. पण दुसऱ्या गोलकीपरचा मनगटाचा सांधा सेमीफायनलला निखळला होता, हात प्लॅस्टरमध्ये. तेव्हा शपथेवाचून जोतीरामच खेळणार, हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं आणि कुणालाच आवडलं नाही.

घरी रोहिणीनं ऐकून घेतलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "मनात पाप न्हाई तर हात लावायला काय हुतंय? उचलून मोकळं व्हायचं."

"पाप न्हाई म्हणूनच लावला न्हाई."

"उद्या हरलासा तर?"

त्यानं बॅगेतले बूट काढून भिंतीकडंला ठेवले.

तानाबाई उंबऱ्यात लसूण सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सकाळी राजवीर आलता." राजवीर म्हणजे घोडतळं तालमीचा अध्यक्ष. "म्हणाला, मावशी, जोत्याला सांगा, आपली माती इसरू नको म्हणावं."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हणलं, माती तुझ्याच अंगणात लई साठलीया, जरा झाडून काढ."

जोतीरामला त्या दिवसातलं एकुलतं हसू आलं.

मॅच चार वाजता सुरू झाली. स्टेडियम भरलेलं, अर्धं हिरवं, अर्धं केशरी. पहिल्या हाफमध्ये जोतीरामकडं तीन अवघड बॉल आले. तिन्ही त्यानं पोटात घेतले. चिंचबनाच्या बाजूनं कुणी टाळी वाजवली नाही, सगळे नुसते नजर रोखून बघत होते. प्रत्येक वेळी बॉल हातात आला की आपल्याच लोकांचा सुटकेचा श्वास त्याला ऐकू यायचा. चोराच्या हातातनं पाकीट परत मिळाल्यासारखा.

दुसऱ्या हाफमध्ये घोडतळ्याला फ्री किक मिळाली. पेनल्टी बॉक्सच्या जरा बाहेर, डाव्या अंगाला. मारायला ज्ञानू उभा राहिला. ज्ञानू घोडतळ्याचा फॉरवर्ड, दुधाच्या गाडीवर काम करणारा, काटक पोरगा. जोतीरामनं भिंत लावली. भिंत म्हणजे आपले चार खेळाडू बॉलपुढं खांद्याला खांदा लावून उभे. गोलाची एक बाजू त्यांनी झाकायची, दुसरी गोलकीपरनं. भिंतीत मधोमध सम्राट. जोतीराम खांबाला हात लावून ओरडला, "सम्राट, हलू नको. तोंडावर आला तरी हलू नको."

ज्ञानूनं मारला. सम्राटनं तोंड वाचवायला खांदा वळवला. एवढीशी फट पडली आणि बॉल त्या फटीतनं खाली खाली आला. बॉल दिसला तेव्हा जोतीरामचा भार दुसऱ्या पायावर होता. तरी त्यानं अंग फेकलं. बोटं लागली. बॉल खांबाच्या आतल्या अंगाला लागून जाळीत गेला.

एक शून्य. तोच शेवटचा आकडा.

गॅलरीतनं पहिला आवाज आला, "विकला." मग दहा, मग शंभर. पाण्याच्या पिशव्या पडायला लागल्या. उरलेला वेळ जोतीराम त्या आवाजात उभा राहिला आणि आणखी दोन गोल अडवले, पैकी एक असा की बेंगळुरूत असता तर विरोधी कोचनं येऊन हात मिळवला असता. इथं कुणी बघितला नाही. त्यांना जे बघायचं होतं ते बघून झालं होतं.

मॅच संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत सम्राट बुटाची नाडी सोडत बसला होता. जोतीराम समोर उभा राहिला. "वळलास का?"

"बॉल तोंडावर आला, जोतीदा."

"भाऊंना सांग एवढं."

"सांगतो की."

भाऊ आत आले. सम्राट नाडीकडं बघत राहिला. ती नाडी कधीच सुटली होती.

भाऊंनी जोतीरामला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "भंडारा का नको म्हणत हुतास, त्ये आज कळलं."

"भाऊ, भिंत फुटली. तुमी बघितलंसा."

"मी एवढंच बघितलं, तू उशिरा पडलास."

"सम्राटला इचारा."

"घरच्या पोरावर ढकलू नकोस. लाज बाळग."

जोतीरामनं सम्राटकडं बघितलं. सम्राट उठून पाणी प्यायला गेला. वीस वर्षांत जोतीरामला खूप लोकांनी बाहेर बसवलं होतं. पण आपल्यामुळं झालेला गोल दुसऱ्याच्या नावावर टाकून असा सहज पाणी प्यायला गेलेला माणूस त्यानं प्रथमच बघितला.

तो चालत घरी निघाला. घरी म्हणजे घोडतळ्यात. जिंकलेल्यांच्या गल्लीत हरलेला माणूस. कोपऱ्यावर हलगी वाजत होती, रस्ता गुलालानं लाल झाला होता. भिंतीकडेनं निघून जावं म्हणून तो वळला, तर राजवीरनं बघितलं.

"आला, आला. आपला वाघ आला."

हलगी त्याच्याकडं वळली. माणसं वाट देऊन बाजूला झाली. राजवीर हार घेऊन पुढं आला, मूठभर गुलाल त्याच्या कपाळाला, गालाला फासला. तोंडाजवळ तोंड आणून म्हणाला, "मातीला जागलास गड्या. एक गोल दिलास, तालमीची पत राखलीस. मावशीनं निरोप पोचवला म्हणायचा."

चिंचबनाच्या पिशव्या अंगावर पडल्या तेव्हा जोतीराम उभा होता. या गुलालानं मात्र तो दोन पावलं मागं सरकला. शिव्या देणाऱ्यांनी त्याला चोर म्हटलं होतं. हे लोक चोरीबद्दल त्याचा सत्कार करत होते. आणि दोन्हीकडच्या एकालाही असं वाटलं नव्हतं की हा माणूस नुसतं आपलं काम करत असेल.

"मी दिला न्हाई," तो म्हणाला. हलगीत ऐकू गेलं नाही. त्यानं हलगीवाल्याच्या हातावर हात ठेवला. हलगी थांबली. "मी गोल दिला न्हाई. तुमच्या पोरानं मारला."

"व्हय व्हय," राजवीर डोळा मिचकावून म्हणाला. "आमी कुठं काय बोलतोय?"

घोळक्यात ज्ञानू खांद्यावर बसलेला होता. त्याला दोघांनी उचललं होतं. तो खाली उतरला. गुलालानं त्याचे डोळेही लाल झाले होते. "अध्यक्ष," तो म्हणाला, "माझा गोल हाय त्यो."

"तुझाच हाय की बाबा. आमी काय न्हाई म्हणतोय?"

"मग ह्येनं दिला असं का म्हणतायसा? सम्राट भिंतीत उभा राहिला की वळतोय. सेमीफायनलला बघितलं मी, त्याच्या आधीबी बघितलं. रोज सकाळी गाडी लावली की दोन घमेल्यांच्या मधनं बॉल काढत हुतो. वरनं न्हाई, मधनंच. आणि तरीबी ह्येची बोटं लागली." त्यानं जोतीरामकडं बघितलं. "लागली न्हवं?"

"लागली," जोतीराम म्हणाला. "खांब नसता तर बाहेर जात हुता."

"तेच म्हणतोय मी."

सगळ्या शहरात त्या गोलाबद्दल खरं बोलणारी दोनच माणसं होती, एक मारणारा, एक खाणारा.

"गप रं ज्ञानू, आनंदाचा दिवस हाय," राजवीर म्हणाला आणि त्यानं हलगीवाल्याला खूण केली. हलगी सुरू झाली. घमेल्यांची गोष्ट कुणाला नको होती. आपलं पोरगं सकाळ-सकाळ खपलं, यापेक्षा आपल्या माणसानं शत्रूच्या घरात राहून काम केलं, हे त्यांना जास्त गोड लागत होतं. ज्ञानूला परत खांद्यावर घ्यायला ते दोघं पुढं आले. तो म्हणाला, "नको, चालतोय मी."

जोतीरामनं हार काढून राजवीरच्या हातात ठेवला. तालमीच्या दारातल्या नळाखाली वाकला आणि सगळ्यांसमोर तोंड धुतलं. गुलाल लवकर जात नाही. तो घासत राहिला. लाल पाणी गटारीपर्यंत गेलं. हलगीवाला बघत होता, त्याचा ठेका चुकला. राजवीर म्हणाला, "एवढा माज बरा न्हाई, जोत्या. आता चिंचबनात तुला कोण उभं करणार? हितंच यावं लागंल."

जोतीरामनं नळ बंद केला. शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि घराकडं गेला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, फौंड्रीला सुट्टी. तानाबाई सकाळी परसात आल्या तर दोरीवर हातमोजे वाळत होते. दोन्ही धुतलेले, उजव्याच्या करंगळीला नवा टाका घातलेला.

"हे टाकायचं हुतं न्हवं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"रोहिणी म्हणत हुती, काल शेवटची."

"कालची शेवटची हू देणार न्हाई मी," जोतीराम म्हणाला. त्याच्या कानामागं अजून गुलाल होता. "पुढच्या हंगामाला लागतील."

"कुणाकडनं खेळणार?"

तो बूट घेऊन दगडावर बसला आणि तळाची माती काडीनं काढायला लागला.

"घेईल त्याच्याकडनं," तो म्हणाला. "बाकावर बसवलं तरी चालंल. भंडारा तेवढा उचलणार न्हाई."